रामराजा कुणाचा?

आष्ट्यात एका लग्नघरी गोंधळ होता. अंगणात रानातलेच पाच ऊस उभे करून त्यांचे शेंडे वर एकत्र बांधले होते. खाली पाटावर कोरं वस्त्र, त्यावर तांदळाची रास, कलश, नारळ, पानसुपारी, हळकुंडं, खारका. गोंधळी चौघे होते. संबळवाला मधोमध, तुणतुण्यावर एक पोरगा, झांज वाजवणारे एक म्हातारेबाबा आणि मुख्य नाईक, ज्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ होती आणि हातात दिवटी. दिवटीला तेल घालणारा माणूस घरचाच होता. त्याचं सगळं लक्ष त्या पिळलेल्या चिंध्यांकडे. ज्योत जरा काळवंडली की तो अलगद तेलाची धार सोडायचा, पण एक थेंबही नाईकांच्या मनगटावर पडू द्यायचा नाही. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, वाडीचा जोतिबा, जेजुरीचा खंडोबा अशी एकेका दैवताला बोलावणी चालली होती आणि नवरा-नवरी पेंगुळल्या डोळ्यांनी पाटावर बसून होती.

मी आष्ट्याला आले होते ती लग्नासाठीच, पण मनात दुसरंच काही घोळत होतं. पावणेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या गादीवर बसलेल्या एका तरुणाला त्याच्याच आजीने शपथेवर ‘गोंधळ्याचं पोर’ ठरवलं होतं. त्या आधी तिनेच, तितक्याच गंभीर शपथेवर, तो आपला सख्खा नातू असल्याचं सांगितलं होतं. त्या मुलाचं नाव रामराजा. इतिहासाच्या पुस्तकात त्याला छत्रपती राजाराम दुसरे म्हणतात. तो नक्की कुणाचा, हा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासात कायमचा लोंबकळत राहिला आहे आणि मला तो कधी सोडत नाही.

पहाटे गोंधळ आटोपल्यावर ओसरीवर चहा आला. नाईकमामांना मी हकिकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, “ताई, आमी घरोघरी जाऊन देवी जागवायची, तुमच्या लेकीसुनांची लग्नं पावन करायची. आन् एखाद्या लेकराला आमचं म्हनलं की ती शिवी कशी काय हुती?” मला उत्तर देता आलं नाही. पेला खाली ठेवत ते पुढे म्हणाले, “बरं, ऱ्हाऊ दे त्ये. पोरगं कुनाच्या तरी घरात वाढलं असंल न्हवं? कुनीतरी त्याला भाकरी घातली असंल. त्या बाईचं नाव लिवलंय का कुटं?”

हा प्रश्न मी आजवर एकाही इतिहासकाराच्या पुस्तकात वाचलेला नव्हता. पुढचा सगळा प्रवास मी तोच प्रश्न घेऊन केला.

आष्ट्याहून बागणी-शिगावच्या बाजूला गेलं की वारणा लागते. दोन्ही काठांना ऊसच ऊस. मध्ये वाहणारं पाणी शांत, गढूळ. पलीकडे कोल्हापूर जिल्हा, अलीकडे सांगली. ही काही आजची सीमा नव्हे. 1731 साली सातारकर शाहू छत्रपती आणि कोल्हापूरकर संभाजी छत्रपती यांच्यात तह झाला तो वारणेचा तह. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरचा ठरला आणि आष्टा राहिलं सातारच्या बाजूला. एकाच आजोबांच्या दोन नातवांनी राज्य वाटून घेतलं, त्या वाटणीची रेघ ही नदी. आष्टेकरांच्या कितीतरी लेकी पलीकडे दिल्या आहेत आणि पलीकडच्या सुना इकडे आल्या आहेत. पुलावरून दुधाच्या गाड्या दिवसभर ये-जा करतात. पण ज्या लढाईनंतर हा तह झाला, त्या लढाईत याच वारणेच्या परिसरात संभाजीराजांच्या छावणीवर सातारकरांचा छापा पडला होता आणि कोल्हापूरकडच्या राजस्त्रिया शाहूंच्या हाती लागल्या होत्या. त्यांच्यात ताराबाई होत्या.

त्या आधीची सोळा-सतरा वर्षं ताराबाई पन्हाळ्यावर कैदेत होत्या, त्याही कोण्या शत्रूच्या नव्हे. 1714 मध्ये त्यांची सवत राजसबाई हिने आपला मुलगा संभाजी गादीवर बसवला आणि ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी यांना गडावर कोंडलं. तो शिवाजी कैदेतच वारला. रामराजाचा जन्म त्या कैदेतला. ताराबाईंनी पुढे सांगितलेली हकिकत अशी की, मुलाला राजसबाईकडून दगाफटका होईल या भीतीने त्यांनी ते तान्हं बाळ गुपचूप गडाखाली पाठवलं आणि ते परक्यांच्या घरात, नाव लपवून वाढलं. पुढे ते बार्शीकडच्या पानगावी, दर्याबाई निंबाळकरांकडे होतं. दर्याबाई म्हणजे त्याची बहीण.

शाहूंच्या हाती लागल्यावर ताराबाईंनी कोल्हापूरला परत जायचं नाकारलं. तिथे सवतीचं राज्य होतं. साताऱ्यात पुतण्याच्या आश्रयाला राहणं त्यांनी पत्करलं आणि पुढची तीस वर्षं त्या साताऱ्याच्या किल्ल्यावर राहिल्या. वारणेच्या काठावर उभं राहून मी त्यांचा तो निर्णय समजून घेऊ पाहत होते. नातू जिवंत आहे, तो कुठे आहे हे माहीत आहे, आणि ते कुणालाही सांगायचं नाही. हकिकत खरी असेल तर एवढी वर्षं ही गोष्ट पोटात ठेवायला केवढी शक्ती लागली असेल!

आष्ट्याहून इस्लामपूर, पेठ नाका आणि मग महामार्गाने कराड. कराड ओलांडलं की तळबीडला वळले. वसंतगडाच्या पायथ्याचं हे गाव सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचं. ताराबाई त्यांची मुलगी. ज्यांना ताराबाई फक्त कारस्थानी म्हातारी म्हणून ठाऊक आहेत, त्यांनी तळबीडला जरूर यावं. 1700 साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या, मांडीवर चार वर्षांचा मुलगा होता आणि समोर खुद्द औरंगजेब. पुढची सात वर्षं त्यांनी मराठ्यांची लढाई चालवली. किल्ले गेले, परत घेतले, फौजा नर्मदेपलीकडे पाठवल्या. औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरला मेला तो हे राज्य न जिंकताच. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मला ताराबाईंशी भांडायचं आहे आणि ज्यांच्याविषयी मनात आदर नाही त्यांच्याशी भांडण्यात काही अर्थ नसतो.

साताऱ्यात 1749 साल अस्वस्थतेचं होतं. शाहू महाराज आजारी, पोटी पुत्र जिवंत नाही. कोल्हापूरच्या संभाजींना दत्तक घ्यायचं की आणखी कुणाला, यावरून राणी सकवारबाई, सरदार, पेशवे सगळेच चुळबुळत होते. अशा वेळी ताराबाईंनी गुपित फोडलं: माझा नातू आहे. सकवारबाईंचा त्यावर विश्वास नव्हता. शाहूंनी मात्र ठेवला. 15 डिसेंबर 1749 रोजी शाहू वारले. त्यांच्या हातच्या दोन चिठ्ठ्यांत राज्यकारभार नानासाहेब पेशव्यांकडे सोपवला होता आणि कोल्हापूरकरांना गादीवर आणू नये असंही बजावलं होतं. रामराजाला पानगावहून आणवण्यात आलं.

सातारा-लोणंद रस्त्यावर कृष्णाकाठी वडूथ आहे. साताऱ्यात शिरण्याचा मुहूर्त येईपर्यंत रामराजाचा मुक्काम इथे होता. आज वडूथ चांगलं गजबजलेलं, बागायती गाव आहे. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर बायका धुणं घेऊन चालल्या होत्या. एकीने विचारलं, “कुनाकडं आलाय, बाई?” मी म्हटलं, “इथे फार पूर्वी एक पंगत झाली होती, ती जागा बघायला.” तिने पुढे काही विचारलं नाही, पण नदीपर्यंत सोबत आली.

ती पंगत मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नोंदवली आहे. हा मुलगा भोसल्यांचाच आहे अशी मराठा मंडळींची खात्री पटावी म्हणून ताराबाई आधी त्यांच्यादेखत त्याच्यासोबत जेवल्या आणि त्या अन्नाची शपथ घेऊन त्यांनी सांगितलं की हा माझा नातू आहे. त्या काळी कुणासोबत जेवायचं आणि कुणासोबत नाही, यावर माणसाची सगळी प्रतिष्ठा टांगलेली असे. परजातीच्या माणसासोबत जेवण झालं असतं तर ताराबाईंचीच जात गेली असती. म्हणून ती शपथ कागदावरच्या सहीपेक्षा वजनदार होती. पंचाहत्तरीला टेकलेली बाई, बावीस-तेवीस वर्षांचा भांबावलेला तरुण, आणि भोवती नजर न हलवता बघणारे सरदार. त्या तरुणाने पहिला घास कसा गिळला असेल? ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला, तिथल्या ताटाची आठवण त्याला झाली असेल का?

4 जानेवारी 1750 रोजी रामराजा साताऱ्यात आला आणि छत्रपती झाला. ते वर्षही पुरतं सरलं नाही.

अजिंक्यताऱ्यावर आता गाडी जाते. वर आकाशवाणी-दूरदर्शनचे मनोरे आहेत, मंगळाईचं देऊळ आहे आणि ताराबाईंच्या वाड्याचे म्हणून दाखवतात ते पडके चौथरे आहेत. पहाटे फिरायला येणाऱ्या सातारकरांनी गड भरलेला असतो. मंगळाईच्या देवळापाशी बसून मी खालचं शहर बघत होते. राजा खाली शहरात, आजी वर गडावर. हे अंतर उभ्या दोराने मोजता येईल एवढंच. ताराबाईंची अपेक्षा होती की नातू गादीवर आला म्हणजे पेशव्याचा कारभार संपेल आणि सूत्रं आपल्याकडे येतील. रामराजाने त्याच शरद ऋतूत सांगोल्याला पेशव्यांशी करार केला आणि सत्ता त्यांच्या हाती राहू दिली. 24 नोव्हेंबर 1750, चंपाषष्ठीचा दिवस. खंडोबाच्या सणाच्या जेवणाला म्हणून आजीने नातवाला गडावर बोलावलं. पेशव्याला दूर कर म्हणाली. तो नाही म्हणाला. त्याला तिथेच कैद केलं. डफ लिहितो की त्याला दमट दगडी कोठडीत ठेवलं आणि खायला अगदी भरडं धान्य दिलं. आणि मग आजीने जाहीर केलं की हा माझा नातू नव्हेच, हा गोंधळ्याचा मुलगा आहे.

पुढे दमाजी गायकवाडांची स्वारी, त्यांचा पराभव, पेशव्यांचा साताऱ्याला वेढा असं बरंच काही झालं. ते सगळं इथे सांगत बसत नाही. शेवटी ताराबाई आणि नानासाहेब यांच्यात समेट झाला. 14 सप्टेंबर 1752 रोजी जेजुरीला खंडोबाच्या देवळात दोघांनी एकमेकांशी सलोख्याने वागायच्या शपथा घेतल्या आणि तिथेच ताराबाईंनी देवासमोर पुन्हा सांगितलं की रामराजा माझा नातू नाही, गोंधळी जातीचा तोतया आहे.

पेशव्यांनी ती शपथ ऐकून घेतली आणि रामराजाला छत्रपती म्हणून तसंच राहू दिलं. गडावरची त्याची कैदही तशीच राहू दिली.

या दोनपैकी खरी शपथ कोणती? मला अजिंक्यताऱ्यावर बसल्यावर असं वाटलं की पुरावा शपथांमध्ये शोधूच नये. दोन्ही वेळी ताराबाईंना त्या उत्तरातून काही मिळवायचं होतं. पेशव्यांनाही खरं-खोटं करायची गरज नव्हती. संशयाचा डाग असलेला राजा त्यांना सोयीचाच होता. म्हणून मी माणसांच्या वागण्याकडे बघते. सत्तेसाठी खोटा नातू उभा करायचा असता, तर ताराबाईंसारख्या मुरलेल्या बाईने आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या शब्दाबाहेर न जाणारा मुलगा तयार केला असता. इतक्या दूर, पानगावी दुसऱ्यांच्या घरी वाढलेला आणि पहिल्याच पेचात आजीला ठामपणे नाही म्हणणारा तरुण तिने कशाला निवडला असता? दर्याबाईंनी त्याला भाऊ म्हणून घरात ठेवलं होतं. माझा कल पहिल्या शपथेकडे आहे. मला वाटतं, तो नातूच होता. पण तो नसता, खरोखरच एखाद्या गोंधळ्याच्या झोपडीत जन्मलेला असता, तरी त्या दगडी कोठडीत त्याच्यावर झालेला अन्याय तसूभरही कमी होत नाही.

जगात अशा कहाण्या आणखीही आहेत. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात 1828 च्या मे महिन्यात एक पोरगा रस्त्यात सापडला. धड बोलता येत नव्हतं, चालताना अडखळायचा, आणि सांगायचा की आपण अंधाऱ्या खोलीत एकटे वाढलो. त्याचं नाव कास्पर हाउजर. पाहता पाहता लोकांनी त्याला बाडनच्या राजघराण्यातला पळवलेला राजपुत्र ठरवलं. 1833 मध्ये तो छातीत भोसकल्याच्या जखमेने मेला, तरी प्रश्न मेला नाही. 2024 मध्ये त्याच्या केसांच्या जनुकीय तपासणीतून तो त्या घराण्यातला नव्हता हे सिद्ध झालं. जवळजवळ दोनशे वर्षं यात गेली! कास्परला लोकांनी रस्त्यावरून उचलून राजवाड्यात नेऊन बसवलं, रामराजाला राजवाड्यातून काढून गोंधळ्याच्या घरात ढकललं. दोघांच्याही बाबतीत लोकांना पडलेला प्रश्न एकच होता, बाप कोण.

आपल्याकडे पुण्यात, पानिपतात नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ आपणच असं सांगत एक जण आला, तेव्हा त्याची पंचांपुढे चौकशी झाली, साक्षी झाल्या आणि 1776 मध्ये त्या तोतयाला देहदंड झाला. रामराजाच्या वाट्याला तेवढी चौकशीसुद्धा आली नाही. ज्या घरांनी त्याला तान्हेपणापासून सांभाळलं, त्यांना कुणी साताऱ्याला बोलावून विचारलं नाही. नाईकमामांचा प्रश्न तिथेच येऊन थांबतो.

तो थांबत नाही असं एक उदाहरणही आपल्याच भाषेत आहे. मुंबईच्या गिरणगावात, 1926 च्या सुमाराला, रस्त्यावर टाकलेलं एक तान्हं मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला सापडलं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी काशीबाईंनी ते घरी नेलं, वाढवलं, नाव दिलं. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. जन्मदाते कोण हे कधीच कळलं नाही. पण परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद असो की पद्मश्री, प्रत्येक ठिकाणी त्यांच्या नावात गंगारामांचं नाव होतं. भाकरी घालणाऱ्याचं नाव लिहिलं जातं ते असं.

साताऱ्याहून शेवटी संगम माहुलीला गेले. कृष्णा आणि वेण्णा इथे भेटतात. घाटावर विश्वेश्वराचं देखणं देऊळ, पलीकडच्या तीरावर रामेश्वर. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचेच. ते पेशव्यांच्या पदरी आले ती वर्षं आणि रामराजाच्या कैदेची वर्षं एकच आहेत, हे घाटाच्या पायऱ्या उतरताना ध्यानात आलं आणि मन खट्टू झालं. नदीकाठच्या समाध्यांमध्ये शाहू महाराजांची आहे, त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही आहे आणि ताराबाईंचीही. 1761 च्या डिसेंबरात, पानिपत होऊन वर्ष सरता सरता, ताराबाई गेल्या. रामराजाची गडावरची कैद संपली ती त्यानंतरच.

मी समाधीला हात जोडले. औरंगजेबाशी लढलेल्या ताराबाईंना जोडले. आणि मग मनातल्या मनात त्यांना म्हटलं, आईसाहेब, तुमचं राजकारण मला समजतं. पुरुषांच्या त्या दरबारात बाईला शपथांखेरीज दुसरं हत्यार उरलं नव्हतं, हेही समजतं. पण ज्याला तुम्ही सरदारांच्या देखत ताटाजवळ बसवून घेतलंत, त्याला तुम्ही अकरा वर्षं कोंडलंत. त्याला खाली उतरू द्यायला हवं होतं, तो कुणाचाही असता तरी.

रामराजा 1777 च्या डिसेंबरात वारला. त्याला मुलगा नव्हता. त्याच वर्षी त्याने वावीच्या भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला, ते दुसरे शाहू. त्यांचे पुत्र प्रतापसिंह महाराज, ज्यांच्या दरबारी ग्रँट डफ इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि ज्यांच्या दप्तराच्या आधारे त्याने ती वडूथची पंगत आणि ती दगडी कोठडी लिहून ठेवली. ज्याला भोसला म्हणायला त्याच्या आजीने नकार दिला, त्याच्या मांडीवर दिलेल्या मुलापासून सातारची गादी 1848 पर्यंत चालली.